सातआसनी गाडी घेताना बारीक कुरबुरींना किती वजन द्यावं?

पौडफाटा

घरात आम्ही सहा जण. आम्ही दोघं, ८ आणि ३ वर्षांची मुलं, आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखरे आहेत. सध्याच्या हॅचबॅकमध्ये सगळे एकत्र मावत नाहीत, त्यामुळे लग्न असो की दवाखाना, कुणीतरी रिक्षाने मागून येतं. सातआसनी घ्यायचं नक्की झालंय. बजेट ऑन-रोड १६ लाखांच्या आत, त्यामुळे मारुतीची अर्टिगा आणि कियाची कॅरेन्स या दोघींवर येऊन थांबलोय.

इंजिन, मायलेज, हप्ता हे सगळं बघून झालं. अडलंय ते बारीक गोष्टींपाशी. तिसऱ्या रांगेत बसलं की गुडघे वर येतात. सातही आसनं उभी असली की अर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६. म्हणजे माणसं सगळी बसली की सामान उघड्यावर. मागे डोकी दिसायला लागली की आरशातून मागचा रस्ता दिसत नाही. छतातल्या एसीचा पंखा वाढवला की मागचे पुढच्यांशी ओरडून बोलतात.

मेहुणा म्हणतो, ही रडगाणी आहेत, कुठल्याही गाडीत असणारच. मला तसं वाटत नाही. कुरबुर किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेळा होणार आणि कुणाला होणार हे बघायला हवं. गाडी पसंत करणारा पुढे बसतो, आणि जवळजवळ सगळ्या कुरबुरी मागच्यांच्या वाट्याला येतात. म्हणून ही यादी मागच्यांच्या नजरेतून पुन्हा लावायला हवी. तुम्ही गाडी घेताना काय केलंत? कुठली कुरबुर विसरायला झाली आणि कुठली पाच वर्षांनीही टोचते?

सह्याद्रीवारा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचा मेहुणा बरोबर आहे.

गाडी दहा-बारा वर्षांसाठी घेतात. पहिल्या महिन्यात जे टोचतं त्यातलं निम्मं तिसऱ्या महिन्यात आठवतही नाही. यूएसबी पोर्ट कुठे आहे, बाटली कुठे मावते, हँडब्रेक कुठल्या बाजूला आहे, हे सगळं हाताला बसतं. बसत नाही ते वेगळं. घाटात दम न धरणारं इंजिन. तालुक्याच्या गावी नसलेलं सर्व्हिस सेंटर. महिनाभर न मिळणारा सुटा भाग. कुरबुरींच्या यादीत रमलेला माणूस या तिन्ही गोष्टी गृहीत धरतो आणि कपहोल्डरवरून गाडी बदलतो. माझ्या ओळखीत दोन वर्षं गाडीच न घेतलेली माणसं आहेत, कारण प्रत्येक गाडीत काहीतरी खटकतं. तोवर घरचे रिक्षानेच फिरतात, हीसुद्धा कुरबुरच की.

निशिगंध

सह्याद्रीवारा, "हाताला बसतं" हे स्टिअरिंग धरणाऱ्याला खरं आहे. मागे बसणाऱ्याच्या हाताला काय बसणार?

पौडफाटा यांच्या घरची मांडणी प्रत्यक्ष करून बघा. धाकटा ३ वर्षांचा, म्हणजे त्याची चाइल्ड सीट हवीच. ती सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेला असतात, म्हणून सीट तिथेच बसणार. आता तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेचं आसन पुढे दुमडावं लागतं, आणि ज्या आसनावर चाइल्ड सीट बांधली आहे ते दुमडता येत नाही. राहिली दुसरी बाजू. तिथे आजी बसणार. म्हणजे मागे जाणाऱ्या माणसासाठी प्रत्येक वेळी आजींनी उतरायचं, आसन दुमडायचं, मागचा माणूस आत शिरला की आसन परत लावायचं, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांनी आजींनी पुन्हा चढायचं. पेट्रोल पंपावर, चहाला, टॉयलेटला, दर थांब्याला हेच. कॅरेन्सच्या काही श्रेणींत ते आसन बटण दाबून दुमडतं, त्याने हात वाचतात, आजींचं उतरणं वाचत नाही.

आणि मागे शिरणार कोण? सांगायची गरज नाही, घरातली सून आणि मोठं मूल. आमच्या घरी सातआसनी आहे आणि ती जागा वर्षानुवर्षं माझी आहे. साडी नेसून तिथे शिरायचं म्हणजे काय असतं ते गाडीचे परीक्षण लिहिणाऱ्यांनी एकदा तरी करून बघावं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही, हा सगळा साचाच तसा आहे.

माझं ठाम मत: तुमच्यासारख्या घराला सातआसनीपेक्षा मधल्या रांगेत दोन सुटी आसनं असलेली सहाआसनी बरी. दोन आसनांमधल्या वाटेने मागे जाता येतं, कुणाला उतरावं लागत नाही. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, आई आणि चाइल्ड सीट मधे, तुमची बायको आणि मोठं मूल मागे. अर्टिगा सातआसनीच येते. तिचंच भावंड असलेली एक्सएल६ सहाआसनी आहे, आणि कॅरेन्सची नवी आवृत्ती क्लॅव्हिस दोन्ही प्रकारांत मिळते. किंमत मात्र नीट बघा, कारण सहाआसनी प्रकार बहुधा वरच्या श्रेणीतच असतो.

हिशेबी

मुळात गाडीच का मोठी घ्यायची? तिसरी रांग वर्षातले किती दिवस भरते ते प्रामाणिकपणे बघा. बाकी दिवस तुम्ही एकटे कोथरूड ते हिंजवडी साडेचार मीटरचा डबा चालवत जाणार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. ४ मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत येते. अर्टिगा आणि कॅरेन्स लांबीने ४ मीटरच्या वर आणि इंजिनानेही मोठ्या, त्यामुळे त्यांना ४० टक्के. पूर्वीही फरक होता, पण आता तो जास्त आहे. छोटी गाडी ठेवा आणि गावी जायचं असेल तेव्हा ड्रायव्हरसह इनोव्हा सांगा. कुरबुरी त्या गाडीच्या मालकाच्या, आणि घाटात तुम्हीही खिडकीबाहेर बघाल.

सातआसनीच हवी तर १८ टक्क्यांत रेनोची ट्रायबर आहे. तिसरी रांग काढून घरी ठेवता येते. सात बसले की डिकी ८४ लिटर, रांग काढली की ६२५.

पौडफाटा

हिशेबी, आई-बाबा आमच्याबरोबरच राहतात. सहा माणसं हा आमचा रोजचा आकडा आहे, सणाचा नाही. आईला फिजिओथेरपीला न्यायचं आणि त्याच वाटेवर मोठीचा पोहण्याचा क्लास, म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशीही पाच-सहा जण होतात. पाचआसनीत सहावं माणूस कोंबणं बेकायदा आहेच, आणि कोंबायचं असतं ते मूलच. ट्रायबर बघितली. एक लिटरचं इंजिन, ताकद ७२ पीएस (म्हणजे अश्वशक्तीच). शहरात पुरेल. सहा जण, सामान आणि खंबाटकी असं एकत्र आलं की मला धीर होत नाही.

निशिगंध, बसण्याची ही मांडणी कागदावर काढून घरी दाखवली. बायको म्हणाली, हे आधी कुणीच विचारलं नव्हतं.

तळकोकण

सामानावर कुणीच नीट बोललं नाही. गणपतीला मुंबई-पुण्याहून सहा माणसं गावी निघाली की २०९ लिटरमध्ये काय मावतं? दोन मध्यम बॅगा उभ्या, वर एखादी पिशवी. मखराचं सामान, मुलांचे कपडे, आजीच्या औषधांचा डबा पायाशी. परत येताना नारळ, कोकमं, तांदळाचं पोतं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. हे सगळं मागच्या माणसाच्या पायात जातं, म्हणजे आधीच वर आलेले गुडघे आणखी वर.

त्यात सीएनजी घेतलीत तर टाकी डिकीतच बसते. अर्टिगाची टाकी ६० लिटर पाणी मावेल एवढी मोठी. खर्च वाचतो हे खरं, कंपनीचा आकडा किलोला २६ किलोमीटरच्या वर आहे. पण मग सहा माणसांनी सामानासकट गावी जायचं विसरा.

आणि गाडी लागणं! तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर येते. प्रत्येक खड्डा आधी तिथे पोचतो, वळणावर शेपूट सर्वांत जास्त झुलते. खिडकीची काच लहान आणि उघडत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना मागच्या मुलाला उलटी होणार आणि गाडी थांबवायला कडेला जागा नसणार. लागणाऱ्या मुलाला मधल्या रांगेत खिडकीशी बसवावं लागतं, मग मागे म्हातारी माणसं. ही कुरबुर बारा वर्षं गेली तरी सवयीची होत नाही, मूल मोठं होईपर्यंत छळते.

शार्लटकर

अमेरिकेतून लिहितोय. इथे खऱ्या अर्थाने मिनिव्हॅन म्हणतात ती मिळते, सिएना, ओडिसी, पॅसिफिका. जमिनीपासून पायरी बसकी आणि बाजूचं दार सरकतं. नाशिकहून आई-वडील येतात तेव्हा वडील हात न धरता चढतात, एवढी एक गोष्ट मला सगळ्या कुरबुरींपेक्षा मोठी वाटते. कुरबुरी इथेही आहेत. २०२१ पासूनच्या सिएनाची मधली आसनं काढता येत नाहीत, ओडिसीची काढता येतात पण उचलताना कंबर धरते, पॅसिफिकाची जमिनीत गडप होतात पण त्यासाठी गादी पातळ ठेवावी लागली आहे. आणि तरी शेजारीपाजारी उंच एसयूव्ही घेतात, कारण व्हॅन दिसायला बरी नाही म्हणे.

भारतात परवडणाऱ्या किमतीत सरकतं दार फक्त ईकोला आहे, याचं मला फार वाईट वाटतं. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये आणि भाजीबाजारात ते दार किती सोयीचं झालं असतं!

बांधकामवाला

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर मोजमाप सांगतो. बऱ्याच सोसायट्यांत लहान गाडीसाठी आखलेली जागा २.३ बाय ४.५ मीटरची असते. कॅरेन्स ४.५४ मीटर, म्हणजे रेघेच्या ४ सेंटिमीटर बाहेर. इनोव्हा क्रिस्टा ४.७३५ मीटर लांब आणि १.८३ रुंद. दोन्ही बाजू मिळून उरतात ४७ सेंटिमीटर, त्यात खांब असला तर आजींना आधी बाहेर उतरवून मग गाडी लावायची. शिवाय गाडी पाटावर ठेवून वर-खाली नेणारं यांत्रिक पार्किंग असेल तर त्या पाटाची लांबी आणि वजनाची मर्यादा सोसायटीकडून लेखी घ्या. टेप घेऊन खाली जा, दहा मिनिटांचं काम आहे. ही कुरबुर रोज दोनदा होते आणि पैसे टाकून मिटत नाही.

सह्याद्रीवारा

बांधकामवाल्यांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. ज्या गोष्टी नंतर पैसे टाकून मिटतात त्यांना शून्य गुण द्या. कॅमेरा बसवता येतो, पडदे बसवता येतात, गादीला उंची देता येते. लांबी, पायरी आणि आसनांची रचना बदलत नाही. इथवर ठीक.

पण या धाग्यात इतके प्रतिसाद झाले आणि सुरक्षिततेवर कुणी बोललं नाही, हेच मी आधी सांगत होतो. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठीच्या, भारतात बनलेल्या अर्टिगाला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा दिला. त्या गाडीत दोन एअरबॅगा होत्या, आता इथे सहा येतात, हे मान्य. कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन तारे होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तिसऱ्या रांगेतला पट्टा आजीला स्वतःला ओढून लावता येतो का, डोक्यामागची उशी पुरेशी वर येते का, हे बघा. तिथे जमत नसेल तर ती कुरबुर नाही, तो नकार आहे.

निशिगंध

याला शंभर टक्के अनुमोदन. मात्र तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते मागे बसूनच कळतं. पुढे बसून तारे वाचता येतात, पट्टा आजीच्या हाताला येतो की नाही ते कळत नाही.

हिशेबी

माझं मत बदललेलं नाही, पण रोज सहा माणसं असतील तर भाड्याचा हिशेब लागू होत नाही, हे कबूल. एवढंच सांगतो की सहाआसनीसाठी वरची श्रेणी घेताना सनरूफ आणि रंगीत दिव्यांचेही पैसे मोजावे लागतील. १६ लाखांची रेघ ओलांडू नका, रांगेतल्या वाटेसाठी हप्ता दोन वर्षांनी लांबवणं मला तरी पटत नाही.

पौडफाटा

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. शनिवारी सहाही जण शोरूमला जाणार, धाकट्याची चाइल्ड सीट आणि दोन बॅगा बरोबर घेऊन. सीट बांधायची, आईला मधे बसवायचं, मग बायको आणि मोठी मागे जातील. आईला उतरावं लागलं तर ती गाडी बाद. पट्टे सगळ्यांनी स्वतः लावायचे. मी मागे बसणार आणि गाडी बायको चालवणार, चांदणी चौकाच्या चढाने. शोरूमवाले एवढ्या माणसांना घेऊन चक्कर मारू देतात की नाही ते आधी फोन करून विचारलंय, सकाळी लवकर या म्हणाले. पार्किंग मोजलं, ४.६ मीटर आहे. क्रिस्टा तशीही बजेटबाहेर होती, आता मनातूनही गेली.

सीएनजीचं मात्र अजून मन होतंय. रोजचं हिंजवडी आहे.

सह्याद्रीवारा

सीएनजी घ्यायची असेल तर चक्करही सीएनजीवालीच मागा. पेट्रोलवर अर्टिगा १०३ पीएस देते, गॅसवर ८८. शोरूमला बहुधा पेट्रोलची गाडी उभी असते आणि ती सहा जणांना घेऊन चांदणी चौक सहज चढेल. एसी चालू ठेवून, सगळे बसलेले असताना, गॅसवर चढवून बघा. आणि त्या दोन बॅगा टाकीच्या पुढे ठेवायचा प्रयत्न चक्कर मारायच्या आधीच करा, बसल्या नाहीत तर तेवढा वेळ कॅरेन्सला देता येईल.