फ्रान्सची शॅम्पेन आंबट लागली, बाटली खराब होती का?

टिळकवाडीकर:
मंडळी, आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून भावोजींनी पॅरिसहून शॅम्पेन आणली, गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरून चोर्ला घाटातनं थेट घरी. आल्या आल्या अर्धा तास फ्रीजरमध्ये टाकली, मग मॅच जिंकल्यावर करतात तशी हलवून उडवली, बूच सरळ पंख्यावर आणि निम्मी फरशीवर. उरलेली कुंदा खात खात प्यालो तर लई आंबट ओ, कैरी चावल्यागत, वर इनोसारखी चुरचुर. सासूबाई म्हणाल्या ह्यापेक्षा कोकम सरबत बरं. लेबलवर ब्रूट लिहिलंय. असलीच असते का बिघडलेली होती?

खानापूरचा पणजीत:
बाटली बरी होती, हाल तुम्ही केलात 😀 मी 8 वर्षं हॉटेलच्या बारमध्ये आहे, हे नेहमीचंच. ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमच्या आत साखर, कोलामध्ये 100च्या वर असते. त्यात तोंडात कुंदा, मग काय, जिलबीवर चहा घेतला की चहा अगोड लागतो तसंच झालं.

आंबटपणा तिथला मूळचाच. रॅंस, एपर्ने हा फ्रान्समधला शॅम्पेन नावाचा भाग थंड, खडूची जमीन, द्राक्षात आंबट जास्त राहतं. त्याची आधी साधी वाईन करतात, मग बाटलीत परत थोडी साखर नि यीस्ट घालून झाकण ठोकतात, आतल्या आत फसफसतं आणि गॅसला वाट नाही म्हणून तो वाईनमध्येच मुरतो. प्रेशर 5-6 ॲटमॉस्फियर, कारच्या टायरच्या दुप्पट तरी धरा, आणि तुम्ही ती घाटातनं हिंदकळत आणून वर हलवली! मेलेलं यीस्ट तळाला बसतं, त्याच्यावर महिनोन्महिने पडून राहिल्यावर पावासारखा वास येतो, साधी शॅम्पेनसुद्धा 15 महिने तळघरातनं हलत नाही. मग बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करून गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची, झाकण काढलं की बर्फाचा खडा गाळासकट आपणच उडतो.

पुढच्या वेळी 3-4 तास खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, 8-10 डिग्री बास, फार गार केली की वास मरतो. तार सोडताना अंगठा बुचावरच, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. फुस्स झालं पाहिजे, फटाका नव्हे. सोबत खारे काजू, बटाटा भजी, तळलेला बांगडा.

निपाणीकर:
एवढं करून आंबटच प्यायचं तर पॅरिसची कशाला? नाशिकला पण ह्याच पद्धतीनं बाटलीत फसफसवलेली मिळते की.

खानापूरचा पणजीत:
मिळते, चांगली पण असते. शॅम्पेन म्हणता येत नाही एवढंच, ते नाव त्या भागाचं. आणि गोडच पाहिजे तर लेबलवर दमी-सेक बघा. एक्स्ट्रा ड्राय बघून फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड निघते, हे नाव कुणी ठेवलं देव जाणे.

टिळकवाडीकर:
खरंय राव. बाटलीत पेलाभर उरलेली, तोंडात चमचा अडकवून फ्रीजमध्ये ठेवलेली, कुणीतरी सांगितलेलं त्यानं गॅस राहतो म्हणून, काय राहिला नाही. पण आज नुसती प्यालो काजूबरोबर, आणि व्हय, सकाळी बेकरीसमोरनं जाताना येतो तसला वास, मागनं हिरव्या सफरचंदाचा. काल हे कुठं गेलेलं! पंख्याचं पातं मात्र कालपासनं कटकट करतंय, त्याला इलाज सांगा कुणीतरी.