इंग्लंडमधल्या विद्यापीठात बाहेरचा वक्ता: मंजुरी कुठे अडते?

प्रश्न: आमच्या मराठी मंडळाला एका राजकीय विश्लेषकाचं व्याख्यान ठेवायचंय. हॉल मिळालाय, पण ‘वक्त्याची मंजुरी बाकी’ असं उत्तर आलं. नेमकं काय तपासतात?

उत्तर १: हॉलचं बुकिंग वेगळं, वक्त्याची मंजुरी वेगळी. वक्त्याचं पूर्ण नाव, संस्था, विषय, बाहेरचे श्रोते येणार का, चित्रीकरण होणार का, एवढं लिहा. ‘विषय: चर्चा’ असं मोघम लिहिलं की अर्ज परत आलाच समजा. नाव इंटरनेटवर शोधलं जातं. जुनं वादग्रस्त विधान असेल तर आपणच आधी सांगावं. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

उत्तर २: कायद्याचा कल मुळात बोलू देण्याकडे आहे. २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्यातली ‘प्रिव्हेंट’ जबाबदारी, म्हणजे लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची काळजी घेण्याची जबाबदारी, विद्यापीठांवर आहे म्हणून जोखीम तपासतात, हे खरं. पण २०२३ च्या भाषणस्वातंत्र्य कायद्याची मुख्य कलमं १ ऑगस्ट २०२५ पासून विद्यापीठांना लागू झालीत. कायद्यात बसणारं भाषण होऊ देण्यासाठी शक्य ती वाजवी पावलं त्यांनी उचलायची, आणि सुरक्षेचा खर्च आयोजकांवर टाकायचा तो अपवादात्मक परिस्थितीतच. सुरक्षारक्षकांचं बिल आलं तर कारण लेखी मागा.

उत्तर ३: सरसकट नकारापेक्षा अटींची तयारी ठेवा: नावनोंदणी करूनच प्रवेश, तटस्थ अध्यक्ष, प्रश्नोत्तरांना वेळ. आणि वक्ता निवडणुकीतला उमेदवार नाही ना? विद्यार्थी संघ बहुधा धर्मादाय संस्था असतो, त्याला एका पक्षाचा प्रचार चालत नाही.

प्रश्नकर्ता: उमेदवार नाही. विषय मात्र ‘सद्यस्थिती’ एवढाच लिहिला होता!