हेडचे नट आवळण्याआधी आटे बघा

इंजिनच्या हेड (वरचं झाकण) आणि ब्लॉक (खालचा मुख्य भाग) यांच्यामध्ये नवीन गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) टाकूनही साखरप्याहून आंबा घाट चढताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तर नट अजून आवळू का, असं एकाने विचारलंय. नका आवळू. हेड उतरवा, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून हेड आणि ब्लॉक दोन्हींची सपाटी तपासा.

टॉर्क रेंच मोजतो तो नट फिरवायचा जोर, स्टडमधला (ब्लॉकमध्ये बसवलेल्या, नट लागणाऱ्या आटेदार दांड्यातला) ताण नव्हे. त्यातला बहुतेक जोर आट्यांच्या आणि वॉशरच्या घर्षणातच खर्ची पडतो. आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेत स्टड नुसते पडून राहिले तरी गंजतात. मग ठरलेल्या जोराला रेंच ‘टक्’ करतो, पण गॅस्केट पुरती दाबलेलीच नसते! म्हणून आटे वायर ब्रशने घासा, मग आट्यांना आणि नटाच्या बुडाला तेल लावा. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइल लिहिलं असेल तर तेच. मॉलीचं (मॉलिब्डेनमचं, जास्त निसरडं) ग्रीस लावलंत तर टॉर्कच्या त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

ब्लॉकमधली स्टडची बंद तळाची भोकं हवा मारून कोरडी करा. तळाशी तेल राहिलं तर ते दबत नाही, ब्लॉकलाच चीर जाते. हे आपले मिस्त्री हटकून विसरतात.

नट आवळायचा क्रम मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. शेवटी अंशात फिरवायचं असेल तर नटावर खडूने खूण करा, ‘हाताचा अंदाज’ नको. पुन्हा आवळणं मॅन्युअल सांगत असेल तरच.