डक्टमध्ये सुतळी कोणी टाकली? (सोसायटी ग्रुप, तीनही विंग)

शुभांगी, बी ६०३ (रात्री १०:१२)
मघाशी पावणेदहाला बी विंगच्या डक्टमध्ये सुतळी बॉम्ब कोणी टाकला? अजून वसुबारससुद्धा नाही! आमची कुत्री काजू तेव्हापासून वॉशिंग मशीनच्या मागे शिरून बसलीय. लाळेची धार लागलीय, नुसती थरथरतेय. डक्टमध्ये आवाज किती घुमतो हे बी विंगवाल्यांना वेगळं सांगायला नको.

देशमुख काका, ए १०३
फटाके पार्किंगमध्येही फुटतात. गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या कव्हरला ठिणगीने भोक पडले. त्याचे अजून कोणी काही केलेले नाही.

नितीन, सी ४०१
डक्टमध्ये टाकणं चूकच. पण आमची मुलं दहापर्यंत खाली किल्ल्यावर माती लिंपत होती. वॉचमनला विचारा.

मानसी, बी ५०२
तुमचं नाव कोणी घेतलंय, नितीन?

नितीन, सी ४०१
घेतलं नाही. पण गेल्या दिवाळीनंतर होळीपर्यंत लिफ्टमध्ये टोमणे ऐकलेत. म्हणून आधीच सांगितलं.

कदम सर, सी २०४
विषय निघालाच आहे तर कुत्रेवाल्यांनी बागेतल्या घाणीवरही बोलावे. सण वर्षातून चार दिवस असतो, घाण रोज.

शुभांगी, बी ६०३
सर, माझ्याकडे कायम पिशवी असते. सीसीटीव्ही बघा, मी येते सोबत बघायला. आत्ता विषय आवाजाचा आहे.

गोखले आजी, ए २०२
काजू बाळाला काय झालं ग? पिल्लू होती तेव्हा आपल्याच जिन्याखाली पावसात कुडकुडत होती. सगळ्यांनी मिळून दूध पाजलंय. आता ती फक्त शुभांगीची कशी झाली?

साने, सेक्रेटरी
सर्वांना नम्र विनंती, वैयक्तिक टीका टाळावी 🙏 डक्टचे उद्या फुटेज पाहतो.

देशमुख काका, ए १०३
फुटेज पाहताना पार्किंगचेही पाहावे. कव्हरचा विषय गेल्या मीटिंगमध्येही राहिला.

नितीन, सी ४०१
शुभांगी, थेट विचारतो. एका कुत्र्यासाठी ८४ घरांनी दिवाळी करायची नाही, असंच ना?

शुभांगी, बी ६०३
नाही. तीन वर्षं सांगतेय, फटाके बंद करा असं माझं म्हणणंच नाही. मला फक्त वेळ आणि जागा सांगा.

का, तेही सांगते. डॉक्टरांनी दिवाळीपुरत्या गोळ्या लिहून दिल्यात. गोळी आवाजाच्या दीड-दोन तास आधी पोटात जावी लागते. एकदा ती थरथरायला लागली की मग दिलेली गोळी तितकीशी लागू पडत नाही. तुम्ही आठला माळ लावणार हे माहीत असेल तर मी सहाला गोळी देईन. कोणी पावणेदहाला मध्येच डक्टमध्ये टाकली तर मी काय करू?

कदम सर, सी २०४
म्हणजे गुंगी देऊन झोपवणार. हे प्रेम का?

शुभांगी, बी ६०३
गुंगीचं औषध दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दिलं होतं, सर. पाय लुळे पडले होते, उठता येत नव्हतं, पण डोळे सताड उघडे आणि छाती धडधडत होती. भीती तशीच आत, फक्त पळायची सोय काढून घेतलेली. रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते मी. ते औषध पुन्हा देणार नाही.

आताची गोळी भीती कमी करणारी आहे. गेल्या रविवारी, घर शांत असताना एकदा देऊन पाहिली. जरा सुस्तावली, पण जेवली, हाक मारली की शेपूट हलवत होती. डॉक्टरांनी कंबरही तपासली, कारण वय झालं की सांधे दुखतात आणि अंग दुखत असेल तर आवाजाची भीती आणखी वाढते. ज्यांच्याकडे म्हातारी कुत्री आहेत त्यांनी हे जरूर तपासून घ्या. आणि आपल्या घरातली झोपेची किंवा दुखण्याची गोळी कृपा करून कोणी देऊ नका, जिवावर बेतेल.

देशमुख काका, ए १०३
लाड करून भित्री झाली आहे. आमच्या गावी वाड्यात चार कुत्री होती, एकही असे करत नसे.

शुभांगी, बी ६०३
काका, वाड्यातल्या कुत्र्यांना पळायला आख्खा गाव होता. काजू सहाव्या मजल्यावरून कुठे जाईल? जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ती येऊन मांडीत डोकं खुपसते तेव्हा तिला लोटून देऊ का? मशीनमागे बसली तर ओढून काढत नाही, आली तर घेते.

नितीन, सी ४०१
ठीक आहे. पण घरात दारं-खिडक्या लावून भागत नाही का?

शुभांगी, बी ६०३
तेही करतेच. पॅसेजमधल्या बाथरूमला बाहेरची खिडकी नाही, तिथे तिची गोधडी टाकलीय. दाराच्या फटीला टॉवेल, एक्झॉस्ट चालू, पंखा पाचवर, बाहेर टीव्ही. दार मात्र लोटलेलं, कडी नाही, कोंडलं की ती नखं तोडून घेते. संध्याकाळची फेरी पाचच्या आत. एक दोरी गळ्यातल्या पट्ट्याला, दुसरी छातीवरच्या हार्नेसला, पट्ट्यावर माझा नंबर. आणि प्रत्येक आवाजाला लगेच चीजचा तुकडा. आधी आवाज, मग चीज. गणपतीपासून मोबाईलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावून हेच करतेय. आता मोबाईलवर माळ वाजली की माझ्या हाताकडे बघते. पण मोबाईल वेगळा आणि डक्टमधली सुतळी वेगळी. आपला कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यांचा चाळीस हजारांच्याही वर.

गोखले आजी, ए २०२
चीज संपलं तर सांग ग. आमच्या फ्रीजमध्ये नातवाचं पडलंय.

कदम सर, सी २०४
चीज महाग आहे. आमच्या नातवालाही एवढे मिळत नाही.

स्वाती, सी ४०१
सर, आज राहू द्या ना. नितीन, तूही जरा थांब.

देशमुख काका, ए १०३
वेळ ठरवताना जागाही ठरवावी. पार्किंगमध्ये नको. कव्हर ३,२०० रुपयांचे आहे.

साने, सेक्रेटरी
नियम सांगतो. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००५ पासून आहे. २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली व फक्त हरित फटाक्यांना परवानगी दिली. चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका तर त्याही आधीपासून चालत नाही.

नितीन, सी ४०१
चार मीटरवर मीटर घेऊन कोण उभं राहणार, साने साहेब? आणि नरकचतुर्दशीला आम्ही पहाटे पाचला अभ्यंगस्नान करतो. कारीट फोडलं की एक माळ लागतेच, वडिलांपासून आहे. त्यात कोर्ट आणू नका.

मानसी, बी ५०२
मघापासून लिहू की नको करत होते. गेल्या लक्ष्मीपूजनाला चिवड्याचं ताट घेऊन बी ६०३ ला मीच गेले होते. शुभांगी ताट ठेवायला आत गेली आणि दार मी उघडं ठेवलं. तेवढ्यात खाली माळ लागली. काजू माझ्या पायांमधून गेली. रात्री दोनला पंपाच्या खोलीत सापडली तेव्हा पुढच्या दोन नखांतून रक्त येत होतं, लोखंडी दारावर ओरखडे होते. ते ओरखडे अजून आहेत, जाऊन बघा. शुभांगीने मला एका शब्दाने बोल लावला नाही.

शुभांगी, बी ६०३
मानसी, तुझा दोष नव्हता ग. दार माझं होतं.

गोखले आजी, ए २०२
सांगायचं होतंस ना पोरी. वर्षभर मनात ठेवलंस.

नितीन, सी ४०१
हे माहीत नव्हतं. मला वाटलं वॉचमनने गेट उघडं ठेवलं. ती माळ आमचीच होती.

स्वाती, सी ४०१
आमच्याकडून असं: लक्ष्मीपूजनाला मागच्या मैदानात, आठला. बॉम्ब नाहीत, लवंगी आणि बाकी पाऊस, भुईचक्रं. नरकचतुर्दशीची माळ सव्वासहाला. शुभांगी, तुला चारला मेसेज टाकू?

शुभांगी, बी ६०३
टाक. उटण्यासाठी चारला उठतेच मी.

नितीन, सी ४०१
स्वातीने ठरवलंच आहे तर ठीक. पण सुतळी आणली आहे ती?

स्वाती, सी ४०१
तिचं घरात बोलू.

साने, सेक्रेटरी
नोंद घ्यावी: आवाजाचे फटाके मागच्या मैदानातच. डक्ट, जिना, गच्ची, पार्किंग येथे नाहीत. लावण्याआधी दोन तास ग्रुपवर कळवावे 🙏

शुभांगी, बी ६०३
मनापासून आभार. अजून दोनच गोष्टी. चारही दिवस संध्याकाळी आमची बेल वाजवू नका, फोन करा, मी बाहेर येते. आणि काजूला प्रेमाने करंजी देऊ नका, त्यातले बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात.

देशमुख काका, ए १०३
पार्किंग लिहिले ते बरे केले. कव्हरचे मात्र राहिलेच.

---

लक्ष्मीपूजन

स्वाती, सी ४०१ (संध्याकाळी ६:००)
आठला, मैदानात. ठरल्याप्रमाणे.

शुभांगी, बी ६०३
गोळी दिली.

नितीन, सी ४०१ (रात्री ८:०४)
माळ लावतोय. एकच. एखादा मिनिट चालेल.

शुभांगी, बी ६०३ (८:१४)
पहिल्या आवाजाला उठून बसली. कान मागे, पण चीज घेतलं. मग माळ संपेपर्यंत घेत राहिली. गेल्या दिवाळीत पाणीसुद्धा पीत नव्हती.

गोखले आजी, ए २०२
चीज पाठवू का अजून?

मानसी, बी ५०२
मी घेऊन जाते आजी. दारात उभी राहून फोन करते.