आप्पा-आईचं पुण्याचं घर: वाडा ग्रुपवरची चर्चा

ग्रुप: अमळनेर वाडा

दादा पुणे: काल साइट पाहून आलो. फक्त साठीपुढच्यांसाठी. दारं रुंद, बाथरूममध्ये धरायला दांड्या, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, नर्स चोवीस तास. पहिली बिल्डिंग भरली, आपली दुसरी, काम चालू आहे. 62 लाख. रविवारपर्यंत 2 लाख टोकन द्यायचं म्हणतात. आप्पा?

आप्पा: विचार चालू आहे.

वैशूताई जळगाव: दादा, थांब. 62 हा पाटीवरचा आकडा. पुणे मनपाची हद्द असेल तर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 4 लाख 34 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. काम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के, 3 लाख 10 हजार. झाले की जवळपास 70. अजून पार्किंग, क्लब, डिपॉझिट कुठल्या कोपऱ्यात लिहिलंय ते बघ.

दादा पुणे: डिपॉझिट 3 लाख. परत मिळतं.

वैशूताई जळगाव: कधी?

दादा पुणे: विचारतो.

मामा धुळे: घर आमच्या बहिणीच्या नावावर घ्या. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे. 62 हजार वाचले, जावईबुवांनी मला चहा पाजावा.

वैशूताई जळगाव: मामा, एकट्या बाईच्या नावावर असेल तरच ती सूट. आणि पैसे येणार आप्पांच्या विप्रोच्या शेअरमधून. शेअर विकून घर घेतलं की नफ्यावरच्या टॅक्समधून सुटका होते, पण शेअर एकाचे अन् घर दुसऱ्याच्या नावावर म्हटलं की वाद निघतो. 62 हजार वाचवायला जाऊन लाखांची नोटीस नको.

नाना काका शिरपूर: काय बोली राहिना रे भो! विप्रो इकीसन पुण्याले घर?

आप्पा: नाना, विप्रो कंपनी 1945 ला इथंच अमळनेरात निघाली. बाबांनी शेअर घेतले तेव्हा आपल्याला हसलेले लोक मला नावानिशी आठवतात. माझी इच्छा नाहीच विकायची. पण मागच्या महिन्यात पडलो तेव्हा शेअर उचलायला आले नाहीत.

(यावर दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. आप्पा रात्री दोनला न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले होते. अंगणापलीकडं न्हाणीघर, आतून कडी. आई बाहेरून हाका मारत होती. शेजारच्या पोरांनी दार काढलं.)

दादा पुणे: म्हणूनच म्हणतोय. मला फोन आला तरी पुण्याहून पोचायला सात-आठ तास.

वैशूताई जळगाव: ते खरंच आहे रे. मी जळगावात असून पोचले तेव्हा प्लास्टर होऊन गेलं होतं. माझं भांडण सोयीशी नाही, विकत घेण्याशी आहे. महिन्याचं काय आहे?

दादा पुणे: मेंटेनन्स 9,000, वर 18 टक्के जीएसटी. मेस दोघांचा 13,000.

वैशूताई जळगाव: म्हणजे 10,620 अधिक 13,000. 23,620 झाले. आजचे. दरवर्षी किती वाढणार? बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम काढलेत, पण ते रॅम्प, लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशीचे. मेसची चपाती किती महाग करायची ते त्यात नाही. उद्या सोसायटी झाली, तर ही चालवणारी कंपनी बदलता येते का? आणि 'नर्स चोवीस तास' म्हणजे बटण दाबलं की येणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बाई वेगळी, तिचा पगार वेगळा.

मी: अजून एक. करमलं नाही तर? शेअर विकून घेतलेलं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला टॅक्स अंगावर येतो. नंतरही गिऱ्हाईक साठीपुढचंच हवं. आणि तुम्हा दोघांनंतर, माफ करा आप्पा, घर आम्हा तिघांच्या नावावर येईल, पण आमच्यापैकी कुणाला तिथं राहता येणार नाही. मेंटेनन्स मात्र महिन्याच्या महिन्याला.

आप्पा: माफी कशाला. तू 41 चा, थांब 19 वर्षं.

नाना काका शिरपूर: वाडा विका मग.

आप्पा: वाड्यात तुझीही सही लागते.

नाना काका शिरपूर: तेच म्हणतो. मी करणार नाही.

वैशूताई जळगाव: पहिल्या बिल्डिंगमध्ये कुणी भाड्याने देतं का?

दादा पुणे: आहेत दोन-तीन. फर्निचरसकट 18,000.

वैशूताई जळगाव: आता ऐका. समजा शेअर विकले. टॅक्स भरायचा, पण जुन्या शेअरचा नफा 31 जानेवारी 2018 चा भाव धरून काढतात, त्यामुळे भीती वाटते तेवढा येत नाही. उरलेल्यातले 30-30 लाख दोघांच्या नावानं पोस्टात, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत. सध्या 8.2 टक्के. तीन महिन्यांनी 1,23,000, महिन्याला 41,000. भाडं, मेंटेनन्स, मेस मिळून 41,620. घर नाही, पण मुद्दलही कुठं अडकलं नाही.

आप्पा: वरचे 620 मास्तरच्या पेन्शनीतून देईन.

मामा धुळे: हिशोब बरोबर, पण व्याजावरही टॅक्स लागतो. आणि भाडं वाढेल, व्याज वाढणार नाही.

वैशूताई जळगाव: हो मामा, पाच वर्षांचा दर तोच राहतो. म्हणून मी कायमचं म्हणत नाही. आधी तीन महिने राहून बघा, त्यासाठी तर शेअरही विकायला नकोत. दादा, टोकन राहू दे.

दादा पुणे: भाव वाढला तर माझ्या नावानं ओरडू नका.

मी: आईचा व्हॉइस आलाय. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लिहितो: "माले आठेच बरं वाटस. आठे आपला बठ्ठा लोके शेतस. तठे कुरडया कोठे वायत घालसू?" (म्हणजे, इथंच बरं वाटतं, इथं आपली सगळी माणसं आहेत; तिथं कुरडया कुठं वाळत घालणार?)

दादा पुणे: आई, तिथं सगळं तयार मिळतं.

मी: तिनं ते विचारलंच नाही, दादा.

(दुपारी)

दादा पुणे: मॅनेजरला विचारलं. डिपॉझिट घर सोडल्यावर, बिनव्याजी. गच्चीवर सोलर आहे, कुलूप असतं. किल्लीचं म्हटलं तर "बघू" म्हणाला.

आप्पा: न्हाणीघराचा उंबरा उद्या गवंडी काढून टाकतोय, बोललो त्याच्याशी. कुरडया इथंच होऊ दे, वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा होऊ दे. मग तीन महिन्यांसाठी येतो. संदूक नाही आणणार, दोन पिशव्याच.