न विचारता उचललेलं काम : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा काढायचं कारण म्हणजे परवा रावेरकडच्या एका शेतकरी दादांचा आलेला फोन. "तुमच्या सर्किटनी माझी मोटर जळाली." मी तर आजवर कोणाला काही विकलेलं नाही. झालं असं की तीन वर्षांपूर्वी आमच्या केळीच्या ठिबकसाठी मी नोडएमसीयू (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), ओलाव्याचा सेन्सर आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा छोटा स्विच) लावून ऑटो-ऑफ बनवलं होतं आणि वायरिंग, फोटो, कोड सगळं फुकट टाकलं होतं, आणि सगळ्यात वर ठळक लिहिलं होतं की या रिलेवर मोटर जोडू नका, हिने फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटरचा जड करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवायची. कोणीतरी ते उचलून पंचवीस प्रोजेक्टची पीडीएफ केली आणि ९९ रुपयाला विकायला काढली. त्यात माझं नाव गेलं आणि ती वरची ओळही गेली. दादांनी गोठ्याच्या बोअरची दीड एचपीची मोटर थेट रिलेवर घेतली. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटले, बोअर कोरडा पडला तरी मोटर रात्रभर फिरत राहिली, वाइंडिंग गेलं. कोडच्या पहिल्या ओळीत माझं नाव आणि नंबर होता, तेवढा काढायचा त्या पीडीएफवाल्याकडून राहून गेला, म्हणून दादा माझ्यापर्यंत पोचले.

फोटो मात्र जसाच्या तसा. डब्याच्या झाकणावर माझ्या मुलीने चिकटवलेलं निळं फुलपाखरू, त्याचा एक पंख उचकटलेला, तोसुद्धा दिसतो.

पैसे मला तेव्हाही नको होते, आत्ताही नकोत. पण फोटो ठेवून इशारा काढून टाकायचा, याचा मला फार राग आलाय. तुमच्या छंदाचं काम कोणी न विचारता छापलं असेल तर लिहा, आणि तुम्ही कोणाचं छापलं असेल तर तेही लिहा.

धुळ्याहून :
माझं खापरावरच्या मांड्यांचं. कणीक कशी तिंबायची, हातावर मांडा कसा मोठा करत न्यायचा आणि खापरावर टाकताना मनगट कुठे वळवायचं हे मी चार दिवस बसून लिहिलं होतं. मसाले विकणाऱ्या एका पेजने पूर्ण उचललं, "माझ्या सासूबाई म्हणायच्या, घाई केली की मांडा फाटतो" हे वाक्यसुद्धा तसंच. फोटोतला हात माझा, मनगटाजवळ खापराचा चटका बसलेला डाग आहे. विचारलं तर उत्तर काय, "ताई, रेसिपी कोणाच्या मालकीची नसते." अहो मांडे माझे नाहीतच, पूर्ण खान्देशाचे आहेत! पण सासूबाई माझ्या होत्या. गेल्या वर्षी गेल्या त्या, आणि त्यांचं बोलणं आता कोणाच्या तरी मिरचीच्या पाकिटाखाली फिरतंय.

भुसावळहून :
वरच्या ताईंसाठी आधी लिहितो. पदार्थावर, पद्धतीवर किंवा नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे खरं, पण त्यावर लिहिलेले शब्द, काढलेला फोटो, नकाशा, कोड यांच्यावर असतो. कायदा १९५७ चा आहे, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, काम तयार झालं की हक्क तयार होतो. कलम ५७ प्रमाणे तर हक्क विकून टाकला तरी 'हे माझं काम' म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. मी रेल्वे इंजिनांची कागदी मॉडेलं करतो, माझे नमुने एकाने स्वतःच्या साइटवर नाही तर एका मोठ्या साइटवर विकायला लावले होते. साइटला लेखी तक्रार दिली, मूळ फाइल आणि तारखा जोडल्या, दोन दिवसांत काढलं. नियमात ३६ तास आहेत. पण पुढच्या २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत लावू शकतात, आणि छंदवाला माणूस कोर्टात कुठे जाणार! माझं परत लागलं नाही एवढंच.

शहाद्याहून :
मी पक्ष्यांचे फोटो काढतो. तीन हिवाळे फिरून रानपिंगळा मिळाला, सकाळी साडेआठला सागाच्या सुक्या फांदीवर उन्हात बसलेला (हा दिवसा फिरणारा पिंगळा आहे). एका पर्यटनवाल्याने कोपऱ्यातलं नाव कापलं आणि खाली मेळघाट लिहिलं. मी ग्रुपवर ओरडलो, "हाऊ फोटू ते मना शे!" लोक म्हणाले जाऊ दे भाऊ, पिंगळा तर तोच ना.

याच पक्ष्याची गोष्ट सांगतो. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात मिळवलेले, भरून ठेवलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात होते, त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आणि पक्षी-संग्राहकाने चोरला, नव्याने भरून घेतला आणि १९१४ साली आपण गुजरातेत मिळवला अशी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून माणसं भलत्याच जागी शोधत राहिली. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी खोटेपणा ओळखला, जुन्या खऱ्या जागांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये इथेच, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पिंगळा सापडला. ११३ वर्षांनी. म्हणून मला 'जाऊ दे' म्हणता येत नाही.

चाळीसगावहून :
मी उलट्या बाजूचा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या पुस्तिकेत पुण्याच्या एका हौशी माणसाची सूर्यघड्याळाची आकृती मी न विचारता छापली, खाली 'संकलित' लिहिलं, झालं. मुलांनी पुठ्ठ्याची चाळीस घड्याळं केली आणि एकाचीही वेळ जुळेना. शेवटी लाजत त्यांना पत्र लिहिलं. ते रागावले, रास्तच होतं, पण दुसऱ्या दिवशी नवी आकृती पाठवली. काट्याचा कोन गावाच्या अक्षांशाइतका लागतो, पुण्याला साडेअठरा अंश, चाळीसगावला साडेवीस, आणि आपल्याकडे सूर्याची वेळ घड्याळापेक्षा सरासरी अर्धा तास मागे असते. आधी विचारलं असतं तर हे आधीच कळलं असतं. पुढच्या पुस्तिकेत त्यांचं नाव पहिल्या पानावर टाकलं, आधीची घड्याळं का चुकली तेही छापलं.

अमळनेरहून :
आठ वर्षं अहिराणी शब्द गोळा करतोय, गावोगाव, पोळ्याला, कानबाईच्या रोटाच्या सणाला. कुठला शब्द कुठल्या गावात कोणाच्या तोंडून ऐकला ते प्रत्येकापुढे लिहिलंय. एका ॲपने यादी घेतली आणि गावाचा रकाना उडवला, म्हणजे धरणगावचा आणि साक्रीचा शब्द एकच होऊन बसला. चिडून इथे लिहायला बसलो खरा, पण मग वाटलं, ज्या आजींच्या ओव्या मी फोनमध्ये भरून घेतल्या त्यांना तरी मी कधी विचारलं की हे सगळ्यांना ऐकवू का? नाही विचारलं. त्यातल्या दोघी आता नाहीत. उरलेल्यांकडे दिवाळीआधी जातोय, तोवर रेकॉर्डिंग खाली उतरवलीत.

यावलहून :
अनुभव नाही, एक विचारायचं होतं. धागा काढणाऱ्या दादा, तुमचं ते ठिबकचं सर्किट आमच्या केळी गटाच्या पत्रकात छापायचंय, १५० प्रती, फुकट वाटतो आम्ही. छापू का?

धागाकर्ता :
छापा ना ताई. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, कॉन्टॅक्टरची जोडणी वेगळ्या रंगात काढून पाठवतो आणि रिलेची सूचना आता चित्राच्या आतच लिहितो, म्हणजे कापता येणार नाही. छापल्यावर एक प्रत रावेरच्या दादांना पण द्या, नंबर त्यांना विचारून कळवतो.