प्रश्न नफ्याइतकाच पगाराचाही आहे

नफा नसेल तर हुशार मुले वैद्यकीय संशोधनाकडे वळणारच नाहीत, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. क्षयरोगच घ्या. रिफॅम्पिसिन या औषधानंतर क्षयरोगावर नव्या पद्धतीने काम करणाऱ्या औषधाला, बेडाक्विलिनला, अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट २०१२ साली. मधली चार दशके रुग्ण लाखोंनी होते, पण बहुतेक गरीब होते, त्यामुळे कंपन्यांना त्यात बाजारपेठ दिसली नाही. आमच्या सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वासावाटे तंबाखूची धूळ आत जाते. त्यांच्या दम्या-खोकल्यावर आयुष्य वेचायला निघालेल्या संशोधकाला पोसणार कोण? चिंचोळी एमआयडीसीत रसायनशास्त्राच्या पदवीधराला नोकरी मिळते, परंतु ती बहुधा ठरलेल्या कृतीने माल काढण्याची असते, नवे शोधण्याची नव्हे.

मात्र १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, त्यामागे नफ्याचे गणित नव्हते. अशी माणसे आजही आहेत. पण पीएचडी करणाऱ्याची शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडली, की घरची जबाबदारी असलेला मुलगा हिंजवडीची वाट धरतो, आणि त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. सरकारने निदान ही रक्कम दरमहा वेळेवर द्यावी.